कराचीची रात्र, सांगलीचा चौक: नौदलाच्या विजयावरच्या एका जिवंत देखाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत गावभागाच्या बाजूला असलेलं एक गणेशोत्सव मंडळ बरीच वर्षं जिवंत देखावे करतं. पौराणिक आणि शिवकालीन प्रसंग बरेच करून झाले होते. अलीकडच्या एका वर्षी तरुण कार्यकर्त्यांनी वेगळा विषय पुढे आणला: ऑपरेशन ट्रायडेंट, म्हणजे ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलानं कराचीवर केलेला हल्ला. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो याच रात्रीमुळे. भूदलाचे देखावे आपल्याकडे पुष्कळ होतात. समुद्र घाटाच्या पलीकडे असल्यामुळे नौदलाकडे सहसा कुणी वळत नाही, म्हणून विषय एकमतानं ठरला.

त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन लहान क्षेपणास्त्र नौका कराचीच्या दिशेनं गेल्या. सोबत किल्तान आणि कच्छल ही दोन जहाजं होती. तुकडीचं नेतृत्व कमांडर बब्रूभान यादव यांच्याकडे होतं. पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ आणि सुरुंगशोधक ‘मुहाफिज’ बुडाली, कराची बंदराजवळच्या किमारीच्या तेलसाठ्यांना आग लागली, आणि आपला एकही माणूस न गमावता नौका परतल्या. यादवांना महावीरचक्र मिळालं.

मंडळाकडे होता तो रस्त्याच्या कडेचा मांडव: २८ फूट रुंद, १८ फूट खोल, जमिनीपासून ४ फूट उंच. समोर साठेक फूट उभं राहायची जागा आणि तिच्यामागे वाहता रस्ता. मंचावर नऊ कलाकार, मागे अकरा माणसं. हातात सात आठवडे होते.

अडचण

पहिली संहिता २२ मिनिटांची होती. तीत तीन नौका, दोन शत्रूजहाजं, नौदल मुख्यालय, कराची बंदर, एका खलाशाचं घर आणि शेवटी पेटलेलं जहाज, असं सगळं होतं. जिवंत देखाव्याचा हिशोब नाटकाच्या हिशोबापेक्षा निराळा असतो. संध्याकाळी ७ ते रात्री १० हे तीन तास. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण रोजचं नियोजन त्यावर करता येत नाही. २२ मिनिटांचा प्रयोग आणि मधली ८ मिनिटांची उसंत धरली, तर रात्रीत सहाच प्रयोग बसतात. उभ्यानं पाहणारा माणूस, त्यातही कडेवर मूल असलेला, २२ मिनिटं थांबत नाही. तो आठव्या मिनिटाला पुढच्या गणपतीकडे निघतो आणि मुख्य हल्ला बाराव्या मिनिटाला येतो.

खरी अडचण मात्र लढाईच्या स्वरूपातच होती. मोठ्या जहाजांनी एकमेकांवर तोफा डागायच्या, तशी ही लढाई झालीच नाही. क्षेपणास्त्राचा पल्ला चाळीसेक किलोमीटर. आपल्या खलाशांना शत्रूचं जहाज दिसलं ते रडारच्या पडद्यावरचा ठिपका म्हणून. खैबरवरच्या लोकांना तर हा विमानांचा हल्ला वाटला. नौका त्यांच्याही नजरेला पडली नाही. जी लढाई लढणाऱ्यांनीच डोळ्यांनी पाहिली नाही, ती चौकात उभ्या असलेल्या माणसाला दाखवायची कशी, यावर पहिल्या दोन बैठका नुसत्या वादात गेल्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पाण्याचा हौद. मंचावर २० × ८ फुटांचा, फूटभर खोल हौद करायचा आणि त्यात दोरीनं ओढायच्या नौकांच्या प्रतिकृती सोडायच्या. कल्पनेला मोठी परंपरा आहे. लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरनं १८०४ साली मंचावरच प्रचंड हौद बांधून जिब्राल्टरच्या वेढ्याची लढाई लहान जहाजांनी करून दाखवली होती, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली होती. पण ती शिडाच्या जहाजांची, समोरासमोरच्या तोफांची लढाई. तिथे दोन्ही जहाजं एका नजरेत मावतात. आपल्या प्रसंगात मावत नाहीत. शिवाय एवढ्या हौदात साडेचार हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे साडेचार टन वजन. मांडववाल्यानं फळ्या आणि वासे पाहून तिथल्या तिथे नकार दिला. पाण्याशेजारून विजेच्या तारा जाणार होत्या, हे दुसरं कारण तेवढंच मोठं.

दुसरा पर्याय एलईडी वॉलचा. भाडं चौकशी केल्यावर सगळ्या लाकूडकामाच्या वर जात होतं, आणि पाऊस आला तर जबाबदारी मंडळाची. पण तो बाद झाला तो एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या साध्या म्हणण्यानं: पडद्यावरचं चित्र लोक घरी मोबाइलवर पाहतात, आपल्याकडे ते माणसं पाहायला येतात.

तिसरा पर्याय तरुणांचा लाडका होता. प्लायचं शत्रूजहाज, त्यावर पाकिस्तानी झेंडा, आत अनार आणि भुईनळे लावून ते पेटवायचं. मांडवाचं कापड, थर्माकोल, सुकं प्लाय आणि समोर चारेकशे माणसं, अशा ठिकाणी उघडी आग लावण्याचा विचारही करू नये. झेंडा जाळण्याच्या दृश्याला पोलिस ठाण्यातून परवानगी मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी ते दृश्य खोटंच ठरलं असतं.

चौथा पर्याय भागात राहणाऱ्या एका निवृत्त नौसैनिकानं सुचवला. अख्खी नौका दाखवूच नका, फक्त तिचा ब्रिज, म्हणजे नौका चालवण्याची खोली दाखवा: कप्तान, सुकाणूवाला, रडारवाला, वायरलेसवाला. बाहेर अंधार. लोकांनी रडारच्या गोल पडद्याकडे पाहायचं, जसं त्या रात्री सगळे पाहत होते. ही नौका जवळपास सव्वाशे फूट लांब असते, २८ फुटांत ती आखडून बसवली तर खेळणं दिसते. ब्रिज मात्र खऱ्या मापाचा होऊ शकतो.

हाच पर्याय ठरला, आणि पुढचं सगळं काम त्यातून सुटत गेलं. अंधार, अंतर आणि वाट पाहणं हे त्या रात्रीचं सत्य होतं, आणि योगायोगानं कमी पैशात नीट करता येण्यासारखं तेवढंच होतं.

काय केलं

संहिता ११ मिनिटांवर आणली. दोन प्रयोगांमध्ये ७ मिनिटं ठेवली, म्हणजे रात्रीत दहा प्रयोग. मुख्यालय, घर आणि बंदर हे प्रसंग गेले. त्यांच्या जागी सूत्रधाराचं दीड मिनिटाचं निवेदन आलं, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या आवाजात: ३ डिसेंबरच्या संध्याकाळी आपल्या विमानतळांवर झालेले हल्ले, पेटलेलं युद्ध, आणि पश्चिमेकडे निघालेल्या तीन नौका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत प्रयोग केला तेव्हा कथा पुढे नेण्याचा भार सूत्रधारावरच होता. चौकातल्या देखाव्याला ती पद्धत अजून चपखल बसते, कारण मधूनच येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला दोन वाक्यांत प्रसंगात आणता येतं.

ब्रिजचा सांगाडा २ × १ इंचाच्या लाकडी पट्ट्यांचा, त्यावर ६ मिलिमीटरचं प्लाय. रुंदी १२ फूट, खोली ८ फूट. रिवेटसाठी प्लायवर शर्टाची बटणं चिकटवून वरून राखाडी रंग मारला. दहा फुटांवरून ते पोलादच वाटत होतं. तळ मुद्दाम जमिनीला पक्का केला नाही. चारही कोपऱ्यांखाली रबराचे जाड तुकडे ठेवले आणि मागे बसलेली दोन माणसं पहारीनं तो अर्धा-पाऊण इंच उचलत. ब्रिज एवढाच हलला तरी प्रेक्षकाला समुद्र जाणवतो. पहिल्या तालमीत दोन इंच उचलला, तेव्हा कलाकारांचा तोल गेला आणि मागून पहार दिसायला लागली.

सगळ्यात जास्त वेळ रडारला गेला, आणि तो जायलाच हवा होता. २४ इंच व्यासाचा, ३ मिलिमीटरचा दुधी ॲक्रेलिकचा गोल घेतला. मागे कूलरच्या स्विंग मोटरवर एक हात बसवला. ती मोटर मिनिटाला पाचसहा फेरे घेते. हातावर हिरव्या एलईडीच्या चार पट्ट्या पंख्यासारख्या लावल्या, पहिली पूर्ण उजेडाची आणि पुढची प्रत्येक आधीपेक्षा मंद, त्यासाठी वाढत्या रोधाचे रेझिस्टर. त्यामुळे रेघ पुढे जाते आणि मागे उजेड विरत जातो. फिरत्या हाताला वीज द्यायची तर तारेला पीळ पडतो आणि वीस फेऱ्यांत तार तुटते, हे पहिल्याच चाचणीत झालं. उपाय साधा: हातावरच लहान रिचार्जेबल बॅटरी बसवली आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन लावून तोल साधला. शत्रूच्या ठिपक्यासाठी पडद्यामागे दोन स्थिर एलईडी, पुशबटणावर. रेघ ठिपक्यावर आली की बटण दाबायचं, सोडायचं. हे काम एकाच मुलाकडे ठेवलं. हात बदलला की ताल चुकतो.

ब्रिजवर फक्त लाल उजेड ठेवला. रात्रीच्या पहाऱ्यात डोळ्यांना अंधाराची सवय टिकावी म्हणून जहाजावर लाल दिवेच वापरतात, त्यामुळे हे खरंही होतं आणि मंचाच्या कडा आपोआप झाकल्या गेल्या. पुढे लाटांसाठी निळ्या टफेटा कापडाच्या तीन पट्ट्या, प्रत्येक ३० फूट लांब, वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या तालात हलवायच्या. आधी सॅटीन आणलं होतं. पावसाचा एक शिडकावा बसला आणि ते ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. टफेटा झटकलं की कोरडं.

पोशाखात पहिली ओढ पांढऱ्या कडक गणवेशाकडे होती, कारण छायाचित्रांत तोच दिसतो. लढाईच्या वेळी तो नसतो. कामाचे निळे कपडे, पांढरे हातमोजे आणि भाजण्यापासून बचाव करणारी, चेहरा झाकणारी अँटी-फ्लॅश टोपी शिवून घेतली. खरी पदकं कुणाच्याही छातीवर लावायची नाहीत, हे निवृत्त नौसैनिकानं सुरुवातीलाच बजावलं होतं.

ध्वजावरून मात्र वाद झाला. मुलांनी सध्याचा नौसेना ध्वज छापून आणला होता. त्यातला निळा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला, म्हणून तो सगळ्यांना जवळचा. पण तो २०२२ च्या सप्टेंबरात स्वीकारला गेला. १९७१ च्या नौकेवर फडकत होता तो पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा असलेला ध्वज. ‘लोक विचारतील, क्रॉस कशाला?’ ही भीती खोटी नव्हती. शेवटी जुनाच ध्वज लावला आणि बाजूला फलकावर चार ओळींत कारण लिहिलं: खलाशी ज्या ध्वजाखाली गेले तोच इथे आहे, नवा ध्वज कधी आणि कशावरून आला. नंतर सर्वात जास्त फोटो याच फलकाचे निघाले. मंचाच्या कठड्याला तिरंगी झालर लावायचा बेतही रद्द केला. राष्ट्रध्वज सजावटीची झालर म्हणून वापरता येत नाही, आणि त्याच्या जवळ जाणारं कापड लावून शंका तरी कशाला ओढवून घ्या.

दोन निर्णय, जास्त खोलात

पहिला शांततेचा. क्षेपणास्त्र सुटल्यापासून लक्ष्यावर पोचेपर्यंत त्या अंतराला दीड-दोन मिनिटं लागतात. त्या वेळात नौकेवरच्या कुणालाच काही करता येत नाही. प्रसंगाचा गाभा इथेच आहे, यावर दिग्दर्शक ठाम होता. पहिल्या रंगीत तालमीत ४० सेकंद पूर्ण शांतता ठेवली. विसाव्या सेकंदाला मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली, एकानं ‘लाइट गेली काय रे?’ म्हणून विचारलं. काहींचं मत पडलं की पार्श्वसंगीत भरा. तसं करून पाहिलं, तर प्रसंगातली धग गेली. मधला मार्ग निघाला तो असा: शांतता २५ सेकंदांवर आणली आणि वायरलेसवाल्याच्या तोंडी दबक्या आवाजात सेकंदांची मोजणी दिली. ‘दहा... वीस...’ लोक मनात मोजायला लागले. रडारची रेघ फिरते, ठिपका दिसतो. पुन्हा फिरते, पुन्हा दिसतो. तिसऱ्यांदा रेघ तिथे येते आणि ठिपका नसतो. मंचावर कुणी घोषणा देत नाही. कप्तान फक्त घड्याळ बघतो आणि नौका वळवायला सांगतो. ‘भारतमाता की जय’ समोरून यायचं. संहितेत ते नव्हतंच. त्या आवाजात पुढचं वाक्य बुडत होतं, म्हणून तिथे ७ सेकंदांची मोकळी जागा सोडली.

दुसरा निर्णय खुकरीचा. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. देखाव्याच्या शेवटी हे सांगावं, असं निवृत्त नौसैनिकानं सुचवलं. त्यावर एका कार्यकर्त्याचं म्हणणं, ‘काका, विजयाचा देखावा आहे, त्यात बुडालेलं जहाज कशाला?’ प्रश्न प्रामाणिक होता, त्यामुळे तो झटकला गेला नाही. नौदलाच्या विजयाचे खेळ जगभर झाले आहेत, आणि त्यांतला चांगला भाग मेलेल्यांना विसरत नाही. लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरात १७९४ साली अशाच एका विजयावर खेळ झाला, तो लढाईत गेलेल्या खलाशांच्या विधवा आणि मुलांच्या मदतीसाठी होता. ठरलं असं की खुकरीचा भाग ४० सेकंदांचा ठेवायचा, त्यात दृश्य नाही, फक्त अंधार आणि सूत्रधाराचा आवाज. त्याच निवेदनात एक वाक्य खैबरवरच्या माणसांचंही आलं. तिथेही दोनशेहून अधिक जण गेले होते. या वाक्यावर मतदान घ्यावं लागलं. ते राहिलं आणि चौकात त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

काय बिघडलं

पहिल्या रात्रीचे पहिले तीन प्रयोग जवळजवळ वाया गेले. क्षेपणास्त्र सुटताना १५०० वॉटचं धूरयंत्र, अंबर उजेडाचे चार पार (मंचावरचे झोतदिवे) आणि सबवूफर एकदम चालायचे. धूरयंत्राचा हीटर चालू झाला की व्होल्टेज पडायचं, लाइटचा कंट्रोलर रीसेट व्हायचा आणि ऐन क्षणी मंचावर पांढरा लख्ख उजेड. दुसऱ्या दिवशी वायरमननं धूरयंत्राला मीटरपासूनच वेगळी लाइन दिली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला आणि अर्थिंग नव्यानं केलं. पावसाच्या दिवसांत हे आधीच असायला हवं होतं.

धूरही चुकीच्या दिशेनं जात होता. कृष्णेकडून येणारा वारा तो थेट पहिल्या रांगेतल्या मुलांच्या तोंडावर न्यायचा. यंत्र ब्रिजच्या मागे जमिनीलगत ठेवलं, वर कापडाचं छत दिलं आणि धूर ८ सेकंदांऐवजी ३ सेकंद सोडला. उजेड मागून आल्यामुळे तेवढाच पुरला.

संवाद आधीच ध्वनिमुद्रित होते आणि सगळा ट्रॅक एका सलग फाइलीत होता. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी त्याचे १४ तुकडे केले आणि प्रत्येकाला लॅपटॉपवर एक कळ दिली. मग कलाकार उशिरा वळला तरी आवाज त्याच्यासाठी थांबू शकायचा.

पाचवा दिवस सांगलीत संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाचा. त्या संध्याकाळी बाहेरगावची गर्दी असते आणि रस्ते वळवलेले असतात. समोरच्या साठ फुटांत माणसं कोंबली गेली आणि संपलेला प्रयोग पाहिलेल्यांना बाहेर पडायला वाट उरली नाही. पोलिसांनी दोन प्रयोग रद्द करायला लावले, ते योग्यच होतं. दुसऱ्या दिवसापासून डावीकडून आत आणि उजवीकडून बाहेर असे बांबू बांधले, आणि शेवटचं निवेदन संपताच उजवीकडचे दिवे आधी लावायचे ठरवलं. लोक उजेडाकडे आपसूक वळतात.

निष्पत्ती

चौथ्या दिवसापासून, विसर्जनाची संध्याकाळ सोडली तर, रात्रीचे दहाही प्रयोग पूर्ण होऊ लागले. खुकरीच्या निवेदनानंतर सुरुवातीला लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही कळायचं नाही. कुणी वाजवायचं, कुणी त्याच्याकडे रागानं बघायचं. मग त्या अंधारानंतर नऊही कलाकार ८ सेकंद सावधान उभे राहिले, मागे १९७१ चा ध्वज. समोरचीही माणसं सरळ उभी राहू लागली. टाळ्या त्यानंतर, एकत्र. दानपेटीतली रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला दिली.

वेगळं काय करता आलं असतं

निवृत्त नौसैनिकाकडे मंडळ तिसऱ्या आठवड्यात गेलं. पहिल्याच आठवड्यात गेलं असतं तर २२ मिनिटांची संहिता, पांढरे गणवेश आणि चुकीचा ध्वज यांवरचा वेळ आणि पैसा वाचला असता. ज्या दलाचा विषय, त्या दलातला माणूस संहिता लिहिण्याआधी भेटायला हवा. तो नंतर तपासायला आला की त्याच्या हातात फक्त खोडणं उरतं.

रंगीत तालीम चौकात, रात्री, पूर्ण विजेवर एकदाच झाली, तीही धूरयंत्राविना. ते यंत्र भाड्याचं आहे, एक दिवस आधीच आणू, असा विचार होता. एका दिवसाचं जादा भाडं देऊन आठवडाभर आधी आणलं असतं, तर व्होल्टेजची आणि वाऱ्याची अडचण प्रेक्षकांसमोर कळली नसती.

नऊ कलाकारांना एकही पर्यायी नट नव्हता. सहाव्या दिवशी सुकाणूवाल्याला ताप आला आणि लाटांच्या पट्टीवरचा मुलगा उभा केला. आवाज मुद्रित असल्यामुळे निभावलं, पण त्याला वळायचं कधी हेच माहीत नव्हतं. ब्रिजवरच्या चारही जागांवर दुसरा माणूस पहिल्या तालमीपासून बसवायला हवा.

सबवूफरबद्दल अजून दोन मतं आहेत. समोरच्या वाड्यातल्या आजारी वृद्धांसाठी तिसऱ्या दिवशी आवाज निम्म्यावर आणला आणि त्याआधी ६ सेकंदांची पूर्ण शांतता टाकली. क्षेपणास्त्र आधीपेक्षा मोठं वाटलं, असं बघणारे सांगत होते. तरीही तरुणांना पहिला आवाजच हवा होता. पुढच्या वेळी शांतता आधी ठरवावी आणि आवाज त्यावर बेतावा, म्हणजे भाड्यानं एकच सबवूफर आणला तरी भागतं.